जिओसिटीजवरची जुनी मराठी साइट सापडली, पण वाचता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा. २००० साली इंजिनिअरिंगला असताना एका ताईंनी जिओसिटीजवर, म्हणजे साइटसाठी फुकट जागा देणाऱ्या तेव्हाच्या सेवेवर, स्वतःची साइट केली होती. आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, सह्याद्रीतल्या किल्ल्यांची भटकंती, आवडत्या दुव्यांचं एक पान आणि पाहुण्यांची वही. घर आवरताना जुन्या डायरीत पत्ता मिळाला. तो वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या संग्रहात, टाकला तर मुखपृष्ठ उघडलं, सरकती पाटीही सरकली, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. त्या विचारतात: हे वाचता येईल का? बाकीची पानं मिळतील का? आणि मिळाली तर परत लावावीत का?

ताई, वाचता येईल. तुमचा मजकूर बिघडलेला नाही, तो जसा टाइप केलात तसाच आहे. फक्त तो ज्या फॉन्टच्या भरवशावर लिहिला होता, तो फॉन्ट आज तुमच्या संगणकावर नाही. १९९९ सालचं इंग्रजी पान आज उघडलं की तसंच्या तसं वाचता येतं. त्याच सालचं मराठी पान मात्र जपून ठेवलेलं असूनही मुकं असतं. जुन्या साइट शोधून सुधारण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि मराठीत खरा घोळ सर्व्हर बंद पडण्याचा कमी आणि फॉन्टचा जास्त, असा माझा अनुभव आहे.

पण आधी एक सांगतो, ते मनावर घ्या. पडद्यावरचा काला निवडून वर्डमध्ये चिकटवू नका. त्यात काही टाइप करायला किंवा सुधारायला गेलात की वर्ड हुशारी दाखवतो: सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो. इंग्रजीत याने काही बिघडत नाही. तुमच्या पानात मात्र छोटा ‘आय’ म्हणजे र्‍हस्व वेलांटी आणि मोठा ‘आय’ म्हणजे दीर्घ. अवतरणचिन्हाच्या जागी एखादं जोडाक्षर बसलेलं असू शकतं. वर्डने हात फिरवला की ते गेलं, आणि कुठे गेलं ते नंतर कळतही नाही. म्हणून आधी मूळ फाइल जशीच्या तशी उतरवायची, तिची एक प्रत बाजूला ठेवून द्यायची, आणि पुढची सगळी खटपट दुसऱ्या प्रतीवर.

आता पानं कुठे शोधायची ते. जिओसिटीज १९९४ साली सुरू झालं, १९९९ साली याहूने ते विकत घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केलं. बंद होणार हे काही महिने आधी जाहीर झालं होतं, त्यामुळे त्या वर्षी इंटरनेट आर्काइव्हने आणि ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने जमेल तितकं उतरवून घेतलं. आर्काइव्ह टीमचा साठा पुढच्या वर्षी टॉरेंटवर आला, सहाशे जीबीच्या वर. त्याच धामधुमीत काही जणांनी स्वतंत्र आरसे, म्हणजे हुबेहूब प्रतींच्या साइट, उभे केले. ओओसिटीज हा त्यातला एक. म्हणजे वेबॅकवर एखादं पान नसलं तरी ते या दुसऱ्या ठिकाणी असू शकतं. दोन्हीकडे बघा.

पत्त्याची गंमत अशी की एकाच साइटचे दोन-तीन पत्ते असायचे आणि आर्काइव्ह त्यांना वेगळं समजू शकतं. याहूच्या आधीच्या काळात जिओसिटीज हे गावच होतं. पत्त्यात आधी वस्तीचं नाव, मग उपवस्ती, मग घर नंबर. साहित्य-शिक्षणवाल्यांची वस्ती अथेन्स, संगणकवाल्यांची सिलिकॉन व्हॅली. याहू आल्यावर पत्त्यात थेट तुमचा याहू आयडी आला. तुमची साइट २००० सालची, म्हणजे बहुतेक आयडीवालीच. पण भारतातल्या याहूवरून काही केलं असेल तर पत्त्याच्या सुरुवातीला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’च्या जागी ‘आयएन’ असू शकतं. तोही पत्ता टाकून बघा. आयडीचं स्पेलिंग डायरीत एक आणि प्रत्यक्षात दुसरं, हे फार होतं. हव्या त्या आयडीच्या शेवटी आकडा जोडावा लागायचा आणि डायरीत लिहिताना तो राहून जायचा.

मुखपृष्ठावरून एकेका दुव्यावर टिचकी मारत बसू नका. वेबॅकच्या पत्त्यात तुमच्या साइटच्या पत्त्यानंतर तिरकी रेघ आणि तारांकित चिन्ह द्या. त्या पत्त्याखाली आर्काइव्हने जे जे म्हणून उचललं असेल त्याची यादी येते: पानं, चित्रं, गाणी, झिप फाइली. तुम्ही विसरून गेलात, पण मुखपृष्ठावरून दुवाच काढून टाकला होता असं एखादं पान त्यात हटकून सापडतं. या यादीत टीटीएफ (म्हणजे फॉन्ट) किंवा झिप अशा शेपटीची फाइल दिसली तर सोन्याहून पिवळं. त्या काळी बहुतेक मराठी साइटवर ‘मजकूर दिसत नसेल तर हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी असे आणि बरेच जण तो फॉन्ट आपल्याच जागेत ठेवत.

मूळ फाइल मिळवायची युक्ती फार थोड्यांना माहीत असते. वेबॅकचं पान उघडलं की त्याच्या पत्त्यात एक चौदा आकडी संख्या दिसते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. आर्काइव्हने पान कधी उचललं त्याची ती वेळ. या आकड्यांना चिकटून, मध्ये जागा न सोडता, छोटे ‘आय’, ‘डी’ आणि एक अंडरस्कोअर टाइप करा आणि एंटर दाबा. वरची वेबॅकची पट्टी जाते, आर्काइव्हने बदललेले दुवे मूळ रूपात येतात, आणि सर्व्हरने त्या दिवशी जे दिलं होतं तेच तुमच्यासमोर येतं. ते ‘सेव्ह ऍज’ करून, ‘फक्त एचटीएमएल’ हा पर्याय निवडून ठेवा. ‘संपूर्ण पान’ निवडलंत तर ब्राउझर त्यात आपली ढवळाढवळ करतो.

एकाच पानाच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती असतील तर सगळ्या घ्या. पान तुम्ही शेवटचं कधी बदललंत हेही बरेचदा कळतं. पानासोबत सर्व्हर जी माहिती (हेडर) पाठवतो, तीही वेबॅक जपून ठेवतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क विभागात ‘लास्ट मॉडिफाइड’चं मूळ मूल्य दिसलं, तर ती तुमच्या अपलोडची तारीख. आर्काइव्हची तारीख म्हणजे ते फक्त फोटो काढायला कधी आले होते ते. या दोन तारखांची गल्लत करून आपली साइट २००४ पर्यंत चालू होती असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटले आहेत. प्रत्यक्षात कुलूप २००१ सालीच लागलेलं.

आणखी एक सावधगिरी. वेबॅकवर दिसणारं पान हे बरेचदा ठिगळ लावलेलं असतं. मजकूर २००१ चा, त्यातलं चित्र २००३ मध्ये उचललेलं, मागची नक्षी त्याहून पुढची. मधल्या काळात तुम्ही त्याच नावाने दुसरा फोटो चढवला असेल तर ओव्यांच्या पानावर राजगडाचा फोटो दिसेल आणि तुम्ही म्हणाल, मी असं कसं केलं? पट्टीवर त्या प्रतीची माहिती देणारं बटण आहे. ते दाबलं की पानातला प्रत्येक तुकडा मुख्य पानापेक्षा किती आधीचा किंवा नंतरचा, ते दिसतं.

आता मुख्य गोष्ट, फॉन्ट.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण तुमच्या-आमच्या घरच्या विंडोज ९८ ला त्याचा काही उपयोग नव्हता. विंडोज २००० आणि मग एक्सपी आल्यावर मंगल फॉन्ट घरोघरी आला, आणि एक्सपीतसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून ती सोय चालू करावी लागे. त्याआधी सगळ्यांनी एकच मार्ग धरला होता: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेला फॉन्ट बनवायचा. संगणकाला वाटतं आपण ‘बी’ दाखवतोय, वाचणाऱ्याला दिसतो अर्धा ब. शिवाजी, सुशा, किरण, सीडॅकचे डीव्ही-टीटी घराण्यातले, श्रीलिपी, आकृती... प्रत्येकाची मांडणी निराळी. वर्तमानपत्रांचंही तेच. एका वर्तमानपत्राचा फॉन्ट दुसऱ्याच्या साइटवर चालत नसे.

तुमच्या पानात कोणता फॉन्ट होता ते अंदाजाने ठरवायची गरज नाही. पानाचा सोर्स (पानामागचा मूळ एचटीएमएल मजकूर) उघडा आणि ‘फॉन्ट फेस’ शोधा, पुढे नाव लिहिलेलं असेल. नाव नसेल तर कालाच बघून कळतं. जवळजवळ प्रत्येक व्यंजनामागे छोटा ‘ए’ येतोय, आणि नीट बघितलं तर उच्चार अर्धामुर्धा जुळतोय असं वाटलं, तर ती शिवाजी-सुशाची मांडणी. ‘बोली’ हा शब्द त्यात असा साठवलेला असतो: बी, ए, ए, ओ, एल, ए आणि मोठा आय. बी म्हणजे अर्धा ब, पहिला ए म्हणजे त्याचा उभा दंड, दुसरा ए म्हणजे काना, ओ म्हणजे वरची मात्रा, एल आणि ए मिळून ल, मोठा आय म्हणजे दुसरी वेलांटी. पंधरा मिनिटं असं वाचत बसलात तर पुढची ओळ तुम्ही फॉन्टशिवायही ओळखायला लागाल. उलट काल्यात स्वरांवर टिंबं आणि टोप्या असलेली युरोपियन अक्षरं, पौंडाचं चिन्ह, अंशांचं चिन्ह अशी जत्रा असेल, तर डीव्ही-टीटी, श्रीलिपी किंवा तशातला कुठलातरी फॉन्ट. तो नुसत्या डोळ्यांनी वाचायच्या फंदात पडू नका.

फॉन्ट मिळाला की तो संगणकावर बसवा आणि उतरवलेलं पान ब्राउझरमध्ये उघडा. आजचे ब्राउझरसुद्धा तो जुना ‘फॉन्ट फेस’ मानतात, त्यामुळे शिवाजीतलं पान क्षणात मराठीत दिसायला हरकत नाही. दिसलं, पण मधली काही अक्षरं चौकटी होऊन आली, तर सोर्समध्ये वरच्या बाजूला ‘कॅरसेट’, म्हणजे बाइट्सची अक्षरं कशी करायची त्याची सूचना, काय आहे ते बघा. ‘एक्स युजर डिफाइन्ड’ असेल तर ते कारण नव्हे. आठवतंय का, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेन्यूत जाऊन एन्कोडिंग ‘युजर डिफाइन्ड’ करायला लावायच्या साइट होत्या? पानात तसं लिहिलेलं असेल तर आजचे ब्राउझर ते ‘विंडोज-१२५२’ समजूनच वाचतात. दुसरंच काही असेल किंवा काहीच नसेल, तर तुमच्या कामाच्या प्रतीत तिथे ‘विंडोज-१२५२’ लिहून बघा. 

दुसरा प्रकार म्हणजे ओळीच्या ओळी गायब. अशा फॉन्टांत विरामचिन्हांच्या जागीही अक्षरं कोंबलेली असत. नोटपॅडमध्ये हाताने लिहिलेल्या पानात ‘पेक्षा लहान’चं चिन्ह अक्षर म्हणून आलं, की ब्राउझरला वाटतं इथे टॅग सुरू झाला. पुढचं कंस मिटवणारं चिन्ह येईपर्यंत तो सगळं गिळतो. पान तेव्हाही असंच दिसत असणार, पण तेव्हा वाटलं असेल की आपणच ओवी अर्धी टाइप केली. सोर्स उघडून बघा, उरलेली ओवी तिथे आहे.

कुणाला फॉन्ट उतरवून घ्यावाच लागू नये म्हणून काही साइट पानासोबतच येणारा ‘डायनॅमिक फॉन्ट’ वापरत. एक्सप्लोररसाठी ईओटी, नेटस्केपसाठी पीएफआर. यातला ईओटी हा त्या त्या साइटच्या पत्त्याला बांधता येत असे, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरून तो उघडतच नाही. आर्काइव्हमध्ये फाइल असूनही पान मराठीत का दिसत नाही याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे आजचे ब्राउझर ईओटी घेतच नाहीत. विद्यार्थ्यांच्या घरगुती साइटवर हे प्रकरण क्वचित असे, म्हणून तुम्हाला त्यात शिरावं लागेलसं वाटत नाही. लागलंच तर ईओटीमधून साधा टीटीएफ काढून देणारी मोफत साधनं आहेत.

इथपर्यंत वाचता आलं. पण तुम्हाला ओव्या युनिकोडमध्ये हव्या असतील, आणि त्या हव्यातच, नाहीतर शोधल्यावर कुणाला सापडणार नाहीत. शिवाजी, सुशा, श्रीलिपी, डीव्ही-टीटी यांच्यासाठी मोफत रूपांतरक मिळतात. मजकूर ब्राउझरच्या खिडकीतून न घेता सोर्समधून घ्या, पण फ्रंटपेज किंवा नेटस्केप कंपोझरमध्ये पान केलं असेल तर त्यांनी वरची अक्षरं ‘अँड’ चिन्ह, नाव आणि अर्धविराम अशा रूपात लिहून ठेवलेली असतात. ती आधी खऱ्या अक्षरांत उलगडा, मग रूपांतरकाला द्या. नाहीतर रूपांतरक त्या नावाचंही मराठी करून टाकतो आणि ओवीच्या मध्येच भलतंच काहीतरी उगवतं.

रूपांतरक शंभर टक्के बरोबर नसतो आणि तो कुठे चुकतो ते ठरलेलं आहे. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने साठवतात. ‘पहिली माझी ओवी’ यातल्या ‘पहिली’त र्‍हस्व वेलांटी आधी आणि ह नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ह आधी, वेलांटी मागून. रफाराचं नेमकं उलटं: ‘सूर्य’ शब्दात जुन्या फॉन्टमध्ये य आधी आणि डोक्यावरचा रफार मागून, युनिकोडमध्ये र आधी. साध्या शब्दांत हे नीट उलटतं. पण जोडाक्षरावर वेलांटी आली, किंवा रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले, की गडबड. मग ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द. ही मराठीची खास अडचण, कारण हिंदीसाठी लिहिलेल्या रूपांतरकाला तो आडवा र माहीतच नसतो. तो सरळ रफार देतो आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. ओव्यांत वारा, सासरचा दरवाजा आणि माहेरच्या पायऱ्या नसल्या तर काय असतं! म्हणून रूपांतर झाल्यावर सगळ्यात आधी रफार शोधा आणि एकेक तपासा.

इंग्रजी शब्दांतल्या ‘ॲ’चंही बघा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे रूपांतरक अ वर चंद्र ठेवून काम भागवत. दिसायला दोन्ही सारखं, पण शोधताना एकाने दुसरं सापडत नाही. सगळीकडे एकच ठेवा.

फॉन्ट मिळाला पण त्याचा रूपांतरक कुठेच नाही, असंही होतं. अशा वेळी मी पान फॉन्टसकट मोठ्या अक्षरात पीडीएफ करतो आणि त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, चालवतो. देवनागरी ओसीआर आता चांगलं आहे, आणि छपाई स्वच्छ असल्यामुळे चुका कमी येतात. पण ओव्यांच्या बाबतीत दोन्ही मार्गांनंतर एक मोह टाळा: मजकूर एआयला देऊन ‘शुद्धलेखन सुधार’ म्हणू नका. तो ‘माज्या’चं ‘माझ्या’ करेल, ‘म्या’चं ‘मी’ करेल, आणि आजीच्या तोंडची बोली पाठ्यपुस्तकात जाऊन बसेल. चुका सुधारायला तो ठीक, पण कुठली चूक आणि कुठली बोली हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळतं, किंवा घरात कुणी ओव्या ऐकलेलं असेल त्यांना. त्यांच्यासमोर पान मोठ्याने वाचा. चालीत बसत नाही तिथे बहुतेक वेळा अक्षर चुकलेलं असतं.

चित्रं, गाणी, काउंटर यांचं मी भराभर सांगतो, कारण त्यात जीव अडकवण्यासारखं थोडंच आहे. फोटो मिळाले तर ते जेमतेम पोस्टकार्डाच्या निम्मे असतील. जिओसिटीजवर मोफत जागा १५ एमबी, आणि मोडेमवर मोठा फोटो उघडायला कुणी थांबत नसे. ते कृत्रिमरीत्या मोठे करू नका, मूळ प्रिंट अल्बममध्ये असतील त्या नव्याने स्कॅन करा. काही चित्रं फुटलेली दिसतील. त्यातली काही पहिल्या दिवसापासून फुटलेलीच होती: घरच्या विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नसे, सर्व्हरला पडायचा. फाइलीच्या शेपटीला मोठ्या अक्षरात जेपीजी आणि पानात छोट्या अक्षरात, की संपलं. पार्श्वसंगीताची मिडी फाइल ब्राउझर आता वाजवत नाहीत. ती उतरवून ठेवा, वाजवायची सॉफ्टवेअर आहेत, पण कुणाच्या तरी चित्रपटगीताची असेल तर परत लावू नका. काउंटर दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येत असे, तो गेला. दिसलाच तर आर्काइव्ह आलं त्या क्षणाचा गोठलेला आकडा. पानाच्या तळाशी किंवा कोपऱ्यात याहूने घुसवलेला जाहिरातीचा कोड असेल, तो कामाच्या प्रतीतून खुशाल काढा. तो तुमचा नाही.

बाकीची पानं आर्काइव्हमध्ये नसली तर घरात बघा. तेव्हा साइट आधी घरच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर बनायची आणि मग चढवली जायची, म्हणजे फ्लॉपी किंवा सीडी कुठेतरी असण्याची शक्यता चांगली आहे. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळते. लावण्याआधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी करून ठेवा, म्हणजे त्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही, आणि मग पत्र्याचं झाकण सरकवून आतली काळी तबकडी उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खराब करते. ती जाणकाराकडे द्या. फ्लॉपी स्वच्छ असेल तर एकेक फाइल उघडण्याआधी संपूर्ण फ्लॉपीची एकाच फाइलमध्ये प्रत (डिस्क इमेज) काढून घ्या.

फोल्डर उघडल्यावर ‘डब्ल्यूएस एफटीपी’ नावाची लॉग फाइल दिसली तर ती आधी वाचा. तो अपलोडर ज्या फोल्डरमधून काम करायचा तिथेच आपली नोंदवही ठेवायचा: कोणती फाइल, कुठल्या पत्त्यावर, कोणत्या दिवशी, किती वाजता चढवली. यातून साइटचा विसरलेला खरा पत्ता कळतो. फ्रंटपेजवाल्यांच्या फोल्डरात अंडरस्कोअर आणि ‘व्हीटीआय’ने सुरू होणारे उपफोल्डर असतात, त्यांत प्रत्येक पानाच्या बदलाच्या वेळा असतात. कचरा समजून ते उडवणारे फार.

परत लावावी का? ओव्या नक्की लावा. किल्ल्यांची पानंही लावा, पण वरती साल ठळक टाका. २००० साली शेवटची एसटी किती वाजता होती आणि गावात मुक्कामाला कोण ठेवून घेत असे, ही माहिती आता इतिहास म्हणून वाचायची. त्यावर भिस्त ठेवून कुणी निघालं तर पंचाईत व्हायची. वर्णनातल्या त्या वयाच्या बढाया काढू नका. ‘हा रस्ता कुणालाच माहीत नाही’ असं लिहिलं असेल तर असू दे.

पाहुण्यांची वही मात्र लावू नका. तेव्हा लोक विश्वासाने नाव, गाव, ईमेल, क्वचित घरचा फोनही लिहून जात. त्यांनी ते तुमच्यासाठी लिहिलं होतं, पंचवीस वर्षांनी शोधयंत्राला सापडण्यासाठी नाही. स्वतःजवळ ठेवा. त्यातल्या कुणाला शोधून पत्र धाडलंत तर ते वेगळं. तोच नियम होस्टेलच्या ग्रुप फोटोंना आणि ‘माझे मित्र’ पानाला. तुमचा स्वतःचा जुना पत्ता, जन्मतारीख, रोल नंबर कुठे राहिलाय का तेही बघा. तेव्हा ‘माझ्याविषयी’च्या पानावर आपण आज बँक ओळख पटवायला विचारते अशा गोष्टी आनंदाने लिहीत होतो. आर्काइव्हमधल्या प्रतीचीच अडचण वाटत असेल तर मालक म्हणून तुम्ही ती काढायची विनंती इंटरनेट आर्काइव्हला ईमेलने करू शकता. मात्र विनंती करण्याआधी स्वतःची प्रत उतरवून झालेली असू द्या.

ओव्यांबद्दल शेवटचं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७ पासून पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या प्रसिद्ध करतंय. तिथली पद्धत बघा: प्रत्येक ओवीशी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव जोडलेलं असतं. तुमच्या जुन्या पानावर बहुधा नुसतं ‘माझ्या आजीच्या ओव्या’ एवढंच असणार. नव्या पानावर आजीचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, ओव्या कधी आणि कुणी उतरवून घेतल्या, हे चार ओळींत लिहा. कुठली ओवी दळताना, कुठली लग्नघरी हळद दळताना, हे आठवत असेल तर तेही. हा मजकूर आर्काइव्हमधून किंवा फ्लॉपीतून मिळणार नाही. घरातल्या जुन्या माणसांना विचारूनच मिळेल, म्हणून फॉन्टच्या आधी ते विचारून घ्या. फॉन्ट थांबेल.

साइट साध्या एचटीएमएलमध्ये, युटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) ठेवा. वर्डप्रेस वगैरेची गरज नाही, एवढ्या पानांसाठी त्याचे अपडेट करत कोण बसणार? निओसिटीजसारख्या ठिकाणी ती फुकटात राहते. पानं लावून झाली की वेबॅकच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये एकेका पानाचा पत्ता टाका, आणि मूळ फाइली, फॉन्टच्या परवान्यात बसत असेल तर फॉन्ट, आणि युनिकोड प्रत अशी एक झिप करून घरातल्या आणखी कुणाकडे ठेवायला द्या. फॉन्ट शिवाजी-सुशा घराण्यातला निघाला नाही तर सोर्समधल्या पहिल्या वीसेक ओळी, न बदलता, फाइल म्हणूनच मला पाठवा. चिकटवून नको.